मल्लिगेचा पांढरा

"फुलं पांढरीच राहायला हवीत." अज्जींची एवढी एकच अट होती. टीपॉय केवढा हवा, पाय कसे हवेत, खर्च किती येईल, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. ते सगळं त्यांच्या लेकीनं विचारलं. अज्जी तोवर आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. मातीच्या माठातलं, मल्लिगेचा वास लागलेलं गार पाणी. मल्लिगे म्हणजे आपला मोगरा. मार्च सुरू झाला होता आणि मागच्या अंगणातलं झुडूप कळ्यांनी भरून आलं होतं.

घर मल्लेश्वरममधलं. १८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरची दाट वस्ती विरळ करायला बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या दोन वसाहती वसवल्या गेल्या. घराभोवती थोडी मोकळी जमीन, मागे विहीर, पुढे दोन नारळ, असा तो नमुना. त्यातली घरं आता एकेक करून जात आहेत. मल्लेश्वरमला हे नाव ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून मिळालं, ते व्यंकोजीराजांशी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाशी जोडलेलं आहे. तिथल्या १६६९ सालच्या शिलालेखात त्यांचं नाव आहे. मी पहिल्यांदा बंगळूरला आले तेव्हा या देवळाच्या पायऱ्यांवर बसले होते, आणि आपण अगदीच परक्या गावात आलो नाही असं वाटलं होतं.

अज्जींचं घर जूनमध्ये पाडायचं ठरलं होतं. तिथे चार मजली इमारत उभी राहणार होती, त्यातला एक मजला यांचा. झुडूप त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं. लेकीनं फांद्या तोडून कुंड्यांत लावल्या होत्या, त्यातल्या दोन जगल्याही होत्या. तरीही अज्जींना या झाडाचा शेवटचा बहर घरात ठेवायचा होता. मागच्या दाराची सागवानी चौकट टीपॉयला वापरायची आणि मधल्या फळीत फुलं बसवायची, असं ठरलं.

मी गेली बारा वर्षं हेच काम करते. वाळवलेली फुलं पारदर्शक रेझिनमध्ये बसवून त्यांची फळी करायची, आणि ती लाकडाच्या चौकटीत घालून टीपॉय, कपाटाची दारं, पलंगाचं डोकं, आडपडदा असं काहीतरी घडवायचं. मी मूळची सावंतवाडीची. चितारआळीत लाखेचं काम चालायचं ते बघत वाढले. आमच्या घरातल्या पाटांना चारी बाजूंनी फुलांची वेलबुट्टी होती, तांबडी, पिवळी, हिरवी, आणि वरून चकचकीत लाख. लाख ही किड्यानं बनवलेली राळ. मी वापरते ती कारखान्यात बनलेली. चिताऱ्यांनी फूल रंगवून त्यावर राळ चढवली, मी फूलच राळेत घातलं. कामाचं नातं मला तिथूनच सापडतं. ही कला मोडकळीला आली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभं केलं. ते झालं नसतं तर माझ्या लहानपणी चितारआळीत बघायला काही उरलंच नसतं.

पण आमच्या आजीला माझं काम पटलं नाही. केसातली अबोली कोमेजली की ती उतरवून तुळशीच्या मुळाशी घालायची. "निर्माल्य घरात ठेवूचा नसता गो बाय," एवढंच ती म्हणाली. ते वाक्य मी विसरलेली नाही. देवाच्या अंगावरून उतरलेली फुलं मी कामासाठी घेत नाही. लोक आणतात, श्रद्धेनं आणतात, पण मी नाही म्हणते.

फुलं कळायला लागली ती मात्र के. आर. मार्केटमध्ये. ही शहरातली जुनी मंडई. पहाटे चार-साडेचारला तळमजल्यावर शेवंतीचे पिवळे-पांढरे ढीग, झेंडूची पोती, गुलाबांच्या पाट्या, कनकांबर आणि मल्लिगे यांनी पाय ठेवायला जागा उरत नाही. कनकांबर म्हणजे अबोली. सावंतवाडीत जी परसात असायची ती इथे किलोवर दिसली तेव्हा मी क्षणभर थांबलेच. सुटी फुलं किलोवर आणि ओवलेली मोळावर. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. फूलवाली स्वतःच्या हातावर माळ धरते, मोजते, आणि शेवटी थोडी जास्त सोडते. माझी नेहमीची फूलवाली मला अक्का म्हणते, मी तिला अम्मा म्हणते. मी फुलं नेऊन काय करते हे तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग वास?" वासाचं माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. आजही नाही. सुगंध म्हणजे हवेत उडून जाणारी द्रव्यं. ती उडतात म्हणून तर नाकापर्यंत येतात.

अम्मानंच मला मल्लिगेची वेळ शिकवली. उन्हं वर येण्याआधी टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या खुडायच्या. त्या दिवसभर मिटलेल्याच राहतात, संध्याकाळी उमलायला लागतात आणि रात्री पूर्ण फुलतात. सकाळी त्यांच्या कडा पिवळट झालेल्या असतात. म्हणजे ज्याला आपण उमललेला मोगरा म्हणतो तो जेमतेम एका रात्रीचा. मी ज्या क्षणी फूल वाळवायला घेते तो क्षण त्याच्यावर कायमचा राहतो, त्यामुळे कळी घ्यायची, अर्धं उमललेलं घ्यायचं की पूर्ण, हे आधी ठरवावं लागतं. अज्जींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रात्री दिवा घालवायच्या आधी दिसतं तसं."

म्हणून मार्च ते मे मी आठवड्यातून दोनदा रात्री नऊच्या सुमाराला मल्लेश्वरमला जात होते. फूल देठासकट अलगद खुडायचं, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या थरावर ठेवायचं, आणि चमच्यानं दाणे पाकळ्यांच्या मधे मधे सोडत ते पूर्ण बुजवायचं. दाणे केशरी असतात, ओलावा प्यायले की हिरवे पडतात. मग त्यांना भट्टीत तापवून पुन्हा कोरडं करायचं. ताज्या फुलात वजनाच्या आठ-नऊ दशांश पाणीच असतं. ते सगळं बाहेर आलं पाहिजे. मी काट्यावर वजन करते. सलग दोन दिवस वजन तेच भरलं की फूल वाळलं. बोटाला कोरडं लागणं पुरेसं नाही. आत थेंबभर पाणी राहिलं तरी पुढे रेझिनमध्ये त्याच्याभोवती धुकं साचतं, आणि वर्षभरात पाकळी आतल्या आत कुजते. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथली दुपार इतकी कोरडी असते की शेवंती नुसती उलटी टांगली तरी वाळते. सावंतवाडीत हे काम मी करू शकले असते असं मला वाटत नाही.

घाई केल्याचं फळ मी एकदा भोगलेलं आहे. चार वर्षांपूर्वी एका मुलीनं लग्नातला हार आणून दिला, लाल गुलाब आणि निशिगंध. तिला पहिल्या वाढदिवसाला टेबल हवं होतं. मी जुलैच्या दमट हवेत चाळीस मिलिमीटरचा थर एकदम ओतला. इपॉक्सी रेझिन आणि त्याचा हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. थर पातळ असेल तर ती हवेत जाते, जाड असेल तर आतच कोंडते आणि त्या उष्णतेनं मिश्रण आणखी वेगानं तापतं. मी जेवून परत आले तेव्हा साच्यातून धूर येत होता. मध्यभागी तडा गेला होता आणि गुलाब करपून काळे पडले होते. हार एकच होता. मी पैसे परत केले, पण हार कुठून परत करणार? ती मुलगी रागावली नाही. ती साच्याकडे बघत उभी राहिली आणि मग गेली. त्यानंतर मी कधीही दहा मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतला नाही, दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ दिला, आणि आलेल्या फुलांपैकी निम्मी नेहमी बाजूला राखून ठेवली.

अज्जींच्या फुलांसाठी मी एप्रिलमध्ये तळहाताएवढे नमुने ओतायला घेतले. पहिला नमुना जाड पुस्तकात दाबून वाळवलेल्या फुलांचा. ती वाळतानाच चहाच्या रंगाची झाली. दुसरा सिलिका जेलमधल्या फुलांचा. डब्यातून काढताना ती इतकी सुंदर होती की मी आचारींना हाक मारून दाखवली, किंचित सायीसारखी, पण पांढरी. (आचारी म्हणजे सुतार. माझे सुतार उडुपीकडचे आहेत आणि तिकडे सुताराला आचारी म्हणतात. माझ्या आईला कित्येक दिवस वाटत होतं की मी कामावर स्वयंपाकी ठेवला आहे.) त्यावर रेझिन ओतलं, आणि दहा मिनिटांत पांढरा रंग माझ्या डोळ्यांसमोर नाहीसा झाला. पाकळ्या होत्या, त्यांचा आकार होता, शिरा होत्या. पांढरा तेवढा नव्हता. ओल्या बटर पेपरसारखं काहीतरी उरलं होतं.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला मी तो नमुना दाखवला. तिनं माझ्या हातात मल्लिगेची एक ताजी पाकळी दिली आणि चिमटीत दाबायला सांगितलं. मी दाबली. जिथे दाबली तिथे ती काचेसारखी आरपार झाली. "दाबून हवा काढलीस," ती म्हणाली. झेंडूच्या पिवळ्यात रंगद्रव्य असतं, गुलाबाच्या लालमध्ये असतं. मोगऱ्याच्या पांढऱ्यात तसं रंगद्रव्य नसतं. पाकळीच्या पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात, प्रकाश त्यांवर आपटून सगळीकडे विखुरतो, आणि आपल्याला पांढरं दिसतं. फेस पांढरा दिसतो तो तसाच. रेझिननं त्या पोकळ्या भरल्या की विखुरायला काही उरत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बारा वर्षं मी फुलांचे रंग राखायचा प्रयत्न करत आले. झेंडूचा राहतो, गुलाबाचा काळपट होतो, जॅकरांडाचा निळा उडतो. यातल्या प्रत्येक रंगासाठी मी काही ना काही युक्ती केली होती. पण पांढरा हा रंगच नव्हता. ती हवा होती. ती कशी राखायची?

एक मार्ग होता. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून कुंचल्यानं प्रत्येक पाकळीला लावायचा, म्हणजे रेझिन आत शिरत नाही. तिसरा नमुना तसा केला. तो पांढरा राहिला, पण पांढऱ्यात रुपेरी डाग होते, जिथे लेप सुटला तिथे बुडबुडे होते, आणि पाकळीची नाजूक कड लेपाखाली गेली होती. ते फूल प्लास्टिकच्या हारातल्यासारखं दिसत होतं. कुणीतरी सुचवलं, फुलाला पांढरा रंग फवार. शिरो कुरामाता या जपानी डिझायनरनं १९८८ साली 'मिस ब्लांश' नावाची खुर्ची केली. पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये लाल गुलाब तरंगत आहेत अशी. ते गुलाब कृत्रिम आहेत. खुर्ची अप्रतिम आहे, आणि तिथे ते गुलाब कृत्रिमच असायला हवेत असं मला वाटतं. पण अज्जींच्या सासूबाईंच्या झाडावर मी रंग मारू शकत नव्हते.

चैत्र पौर्णिमेला बंगळूरचा करग असतो. धर्मराय स्वामींच्या देवळातून मध्यरात्रीनंतर पुजारी करग घेऊन बाहेर पडतो, मल्लिगेनं मढवलेला उंच मनोरा डोक्यावर घेऊन, आणि लोक त्याच्यावर मल्लिगेच उधळतात. हा उत्सव तिगळ समाजाचा. पिढ्यान्‌पिढ्या बागा आणि फुलशेती करत आलेली ही माणसं. त्या वर्षी मी रात्रभर तिथे होते. करग आला तेव्हा वरच्या सज्जांवरून एवढी फुलं आली की रस्त्यावरचा दिव्याचा उजेड पांढरा झाला. सकाळी सहाला त्याच रस्त्यानं परतले. पायाखाली तुडवलेली मल्लिगे होती, ओली, पिवळी, आणि चिरडलेल्या जागी आरपार. आदल्या रात्रीपर्यंत ही फुलं मला खराब झालेली वाटली असती. त्या दिवशी मी खाली बसून बघत राहिले.

जर्मनीतल्या एका संग्रहात अंबरमध्ये अडकलेलं एक फूल आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या जंगलात साडेतीन कोटी वर्षांपूर्वी झाडाच्या राळेत बुडालेलं. रुंदी २८ मिलिमीटर. अंबरमध्ये सापडलेल्या फुलांत याहून मोठं अजून कुणी पाहिलेलं नाही. १८७२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं, आणि २०२३ मध्ये परागकण तपासून ते सिम्प्लोकॉस या प्रजातीचं असल्याचं ठरलं. म्हणजे आपल्याकडच्या औषधी लोध्राचं भावंड. हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. राळेनं फूल थांबवण्याचं काम जंगलानं माझ्या कितीतरी आधी केलं होतं. आणि त्या फुलाचे फोटो मी पुन्हा काढून बघितले. पाकळ्या, पुंकेसर सगळं शाबूत आहे. रंग मात्र अंबरचा.

मी अज्जींकडे गेले आणि तिन्ही नमुने त्यांच्या ओट्यावर ठेवले. सांगितलं की पांढरा मला राखता येत नाही, आणि का येत नाही तेही सांगितलं. पाकळी चिमटीत दाबून दाखवली. लेक नाराज झाली, तिनं ते लपवलं नाही. अज्जींनी नमुन्यांकडे पाहिलंच नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तुला जे खरं वाटेल ते कर." इतकी मोकळीक मिळाल्यावर काम अवघड होतं.

आचारींनी मागच्या दाराची चौकट उतरवून आणली तेव्हा तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे चार थर होते. रंधा फिरवल्यावर आतून सागाचा जुना, मधासारखा रंग आला. खिळ्यांची भोकं त्यांनी बुजवली नाहीत. बिजागरीची खाचही तशीच ठेवली. "दार होतं हे कळू दे," म्हणाले. फळी लाकडाला चिकटवायची नाही, स्क्रूनं बसवायची, यावर आमचं पूर्वीपासून एकमत आहे. त्याचं कारण मला इथे सांगायचंच आहे. इपॉक्सी हे प्लास्टिक आहे. एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा वापरता येत नाही. मी जगात अशी वस्तू सोडते जी कुजणार नाही. म्हणून ती दोन पिढ्या वापरली जाईल, ओरखडे घासून काढता येतील, लाकूड खराब झालं तर फळी दुसऱ्या चौकटीत जाईल, अशीच ती असली पाहिजे. छोटे ट्रे, किचेन, कानातले यांची मागणी भरपूर असते. त्या वस्तू वर्षभरात कचऱ्यात जातात. मी त्या करत नाही. आणि हातमोज्यांशिवाय कुणाला रेझिनला हात लावू देत नाही. माझ्या मनगटांवर पहिल्या दोन वर्षांच्या निष्काळजीपणाची खाज अजून उठते, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर सोबत राहते.

मे संपता संपता मी फळी ओतली. लेप लावला नाही. एकशेदहा फुलं, देठ खाली, जशी रात्री झाडावर होती तशी थोडी इकडे-तिकडे तोंड करून. तीन थर, प्रत्येकी आठ मिलिमीटर. पहिल्या थरावर फुलं मांडली आणि दुसरा इतका हळू ओतला की रेझिन देठाकडून वर चढत पाकळीत शिरताना दिसत होतं. एकेका पाकळीतून पांढरा निघून जात होता आणि त्याच्या जागी शिरा उजळत होत्या. आधी मी हे बघायचं टाळत असे. या वेळी शेवटच्या फुलापर्यंत बघितलं. आठवडाभरानं घासायला घेतलं. पाणी टाकत दोनशेवीसच्या पॉलिश पेपरपासून तीन हजारपर्यंत, मग बफिंग. एवढ्यात माझे दोन दिवस गेले. फळी उजेडासमोर धरली तेव्हा मल्लिगे काचेवर श्वास सोडल्यावर उमटणाऱ्या वाफेसारखी दिसत होती.

टीपॉय नेऊन दिला तेव्हा घरातलं सामान बांधून झालं होतं. रिकाम्या खोलीत आम्ही तो मधोमध ठेवला. अज्जी खाली बसल्या, चष्मा लावला, तळहात फळीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. लेक माझ्याकडे बघत होती, मी आचारींकडे.

मग अज्जी म्हणाल्या, "रात्री माठात टाकते ना मी, सकाळी अशीच होतात."

मी त्या घरात तीन महिने पाणी पीत होते. आमच्याकडे सावंतवाडीलाही उन्हाळ्यात माठात मोगरा टाकतात. सकाळी झाकण काढलं की वर तरंगणारी फुलं काठापासून आरपार झालेली असतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पाण्यानं तीच हवा बाहेर काढलेली असते. तीन नमुने, मैत्रीण, करग, अंबर एवढं सगळं फिरून मी जिथे पोहोचले ते अज्जी रोज सकाळी ओगराळं बुडवताना बघत होत्या.

टीपॉय उन्हात ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं, असं मी लेकीला सांगत होते. अज्जींनी ते ऐकलं. नव्या घरात माठ कुठे ठेवायचा हे त्यांनी आधीच ठरवलं होतं, स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही. टीपॉय तिथेच ठेवायचा आणि त्यावर माठ, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अज्जी, माठ पाझरतो, लाकडाला पाणी लागेल. त्यांनी आचारींकडे पाहिलं. आचारींनी खिशातून टेप काढली आणि माठाच्या बुडाचं माप घेतलं. खाली तांब्याची ताटली बसवायची होती.